येतो म्हणून गेलेल्यांची वाट

भाभींना ‘जातो’ हा शब्द खपत नसे. त्यांच्या उंबऱ्यावरून कुणी ‘जातो’ म्हणून निघालं, की मागून आवाज यायचाच, “जातो न्हाय म्हणायचं! येतो म्हण की!” कोल्हापुरात बाया-पोरीही ‘येतो’च म्हणतात, त्यामुळे सूट कुणालाच नव्हती. एकदा गॅसची टाकी टाकून निघालेल्या माणसाला त्यांनी बोळाच्या तोंडापासून परत बोलावलं, ‘येतो’ म्हणायला लावलं आणि मगच सोडलं.

भाभी म्हणजे आमच्या पिंजाऱ्याची बायको. आमची गल्ली आणि पलीकडचा बाजाराचा रस्ता यांना जोडणारा एक बोळ आहे. समोरून माणूस आला तर अंग चोरायचं, एवढाच रुंद. त्यांचं दार त्या बोळातच उघडायचं. दुपारी तिथं पिंजलेला कापूस हवेत तरंगत असे. शाळेतून येताना मी त्यातून चालायचे, तेव्हा पाय जमिनीला लागतच नाहीत असं वाटायचं. केसांत कापूस घेऊन घरी पोचले, की आई म्हणायची, “आलीस वाटतं भाभीच्या ढगातनं!”

भाभींचे मालक एका सकाळी गाद्या भरायला मलकापूरकडं गेले, ते तिकडंच वारले. निघताना ‘येतो’ म्हणाले होते. माती झाली, दिवस झाले, सगळं रीतसर झालं. तरी संध्याकाळ झाली, की भाभी उंबऱ्यात बसून बोळाच्या तोंडाकडं बघत राहायच्या. मी आगाऊपणानं विचारलं, “भाभी, कुणाची वाट बघताय?”

“येतो म्हणून गेल्यात न्हवं? माणूस गेलं म्हणून शबूद जातोय व्हय?”

वेडेपणाच तो, पण मला फार आवडायचा.

पुढं बोळात मोटारसायकली घुसायला लागल्या. अंधार पडला, की दारुडे बसायला लागले. नव्या अपार्टमेंटवाल्यांनी महापालिकेत अर्ज दिला, की बोळ दोन्हीकडून गेट लावून बंद करा. त्यांचंही खोटं नव्हतं. मलाही तिथून यायला भीती वाटायची. गेटची किल्ली भाभींना मिळणारच होती. पण त्या म्हणाल्या, “किल्ली घेऊन मी काय करू? येणाऱ्याकडं कुठनं यायची किल्ली?” त्या दिवसांत त्यांना जेवण जात नव्हतं.

महापालिकेचे साहेब पाहणीला आले. बोळ ठेवा म्हणणारे आणि बंद करा म्हणणारे त्यांच्या दोन्ही कानांशी भांडत होते. भाभी भांडल्या नाहीत. त्यांनी साहेबांना उंबऱ्यावर बसवून चहा दिला. चहा संपवून साहेबांनी हात जोडले, “बरंय भाभी, जातो.”

“येतो म्हणा की, पावणं!”

साहेब हसले. “बरं, येतो.”

“मग यायला वाट ठिवा की!”

भांडणारेसुद्धा हसले. साहेबांनी ऑफिसात जाऊन काय लिहिलं कुणास ठाऊक, पण गेट काही लागलं नाही. मोटारसायकली अडतील असे दोन खांब रोवले आणि एक दिवा लागला. आता अपार्टमेंटवाल्याही भाजीला बोळातूनच जातात, आणि न सांगता ‘येतो’ म्हणतात.

गेल्या वर्षी भाभी आजारी पडल्या. मिरजेच्या दवाखान्यात न्यायला त्यांच्या लेकीनं रिक्षा आणली, ती खांबांशी अडली. म्हणून मी त्यांना हाताला धरून हळूहळू चालवत नेलं. रिक्षात बसताना त्यांनी बोळाकडं एकदा वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “येतो गं.”

त्या मिरजेतच गेल्या. त्यांची फार आठवण येते मला. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन मी बोळातूनच परतते आणि त्यांच्या बंद दाराशी जराशी थांबते. शब्द दिलाय त्यांनी, आणि वाट उघडी आहे.