बुटक्या स्टँडचं मशीन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, कुठल्याच वस्तूतलं काडीचं कळत नसे, आणि आमच्या घरातली प्रत्येक वस्तू मात्र आक्काच निवडत. या गोष्टीचा मला इतका संताप यायचा की विचारू नका! बरं, त्या स्वतःच कबूल करायच्या. ‘मला काय कळतंय त्यातलं? म्हून तर इचारते,’ असं म्हणत पदर खोचायच्या आणि दुकानदाराला भंडावून सोडायच्या. एवढ्या भांडवलावर मलकापूरपासून मिरजेपर्यंतच्या साऱ्या पाहुण्यारावळ्यांत त्यांचं नाव झालेलं.

मामंजी विहिरीसाठी ऑइल इंजिन घ्यायला सांगलीला निघाले, तेव्हा आक्का चुलीपुढून म्हणाल्या, ‘आवं मामंजी, दुकानात मागनं जावा. आदी दुरुस्तीवाल्याकडं जावा. त्येला इचारा, कुठलं इंजिन तुमच्याकडं कवाच येत न्हाई? त्येच घ्या.’ मामंजींनी अगदी तसंच केलं. इंजिन झकास चाललं. मग काय, दारात येईल त्याला मामंजी चहाबरोबर ही गोष्ट ऐकवायचे. मी आत भाकऱ्या थापत असायची. ‘आमच्या थोरलीचं डोस्कं...’ असं सुरू झालं, की माझी परात जरा जोरात वाजायची.

खरं सांगते, जळायची मी आक्कांवर. त्यांच्या उंचीवर जळायची, कारण त्या आमच्या दारातून वाकून यायच्या आणि मी शिंकाळ्याला हात पोचवायला पाट मागायची. त्यांचे यजमान मिलिटरीत. अंबाल्याला क्वार्टरमध्ये दोन वर्षं राहून आल्या होत्या, त्यावर जळायची. आणि सगळ्यात जास्त जळायची ती थोरलीच्या मानावर. आमच्या घरात नवी वस्तू आली की पहिला हात थोरल्या सुनेचा. नवा स्टोव्ह त्यांनी पेटवायचा, नव्या लुगड्यांतलं पहिलं त्यांनी उचलायचं. त्यांचं मन भरलं की मग धाकटीनं. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, या बाबतीत कोर्टासारख्या कडक.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. ऊस बरा गेला आणि मामंजींनी घरात शिवणाचं मशीन घ्यायचं ठरवलं. कराडच्या शिवणवर्गाचं सर्टिफिकेट माझ्या ट्रंकेत होतं. चोळी, झबलं, सदरा, सगळं मला येत होतं. साऱ्या घरात मला एकटीला येणारी ही एकच गोष्ट. आणि आत्याबाई म्हणाल्या, ‘मशीन आलं की थोरली बसंल. तिचं शिकून झालं की मग धाकटी.’ आक्कांचं शिकून होईस्तोवर माझे केस पिकणार, हे मला दिसत होतं.

मामंजींचं साताऱ्याला काम होतं, म्हणून तिथंच मशीन बघायचं ठरलं. एस्टीनं आम्ही तिघं गेलो. दुकानात शिरल्याबरोबर माझं मन एका मशीनवर बसलं. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, रुंद चकचकीत टेबल. मी बॉबिन काढून बघितली, टाका बघितला, दुकानदाराला दोन जाणकार प्रश्न विचारले. मामंजींनी एकदा तरी माझ्याकडं बघावं एवढीच इच्छा होती. ते आक्कांकडं बघत होते.

आक्कांनी दुकानदाराला विचारलं, ‘तुमच्या घरात कुठलं मशीन हाय?’

तो गडबडला. ‘कशाला हो बाई?’

‘मालकीणबाईंनाच बलवा की जरा.’

दुकानामागंच घर होतं. त्या बाई हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्यादेखत सांगून मोकळ्या झाल्या, की वेलबुट्टीवालं नुसतं दिसायला. रोजच्याला साधं काळंच चांगलं, दोरा तुटत नाही. गेलं माझं मशीन! आक्का एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं पोत्याखाली एक बुटका स्टँड होता. मुलींच्या शिवणवर्गासाठी मुद्दाम बसके ओतून घेतलेले, त्यांतला एक उरलेला.

‘सुमन, बस गं यावर,’ आक्का म्हणाल्या.

गाल फुगवून मी बसले, पाय मारले. आक्का मशीनकडं बघतच नव्हत्या, माझ्या पायांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘मामंजी, काळं मशीन ह्या स्टँडावर बशिवत्यात का इचारा. ह्येच घिऊ.’

परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडले. पोरीबाळींच्या शाळेतलं उरलंसुरलं माझ्या माथी! मशीन घरी आलं, आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि आक्कांना बसायला सांगितलं. आक्का टेकल्यासारखं करून लगेच उठल्या. ‘मला न्हाई जमायचं आत्याबाई, हिलाच बसवा.’ मला वाटलं, बघा, बाईंना हलकी वस्तू अंगालाही लावायची नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी अख्ख्या गल्लीचं शिवलं. आक्कांनी पोलक्यासाठी दिलेले दोन खण मात्र तसेच ड्रॉवरमध्ये ठेवले. आज शिवते, उद्या शिवते. मला त्यांना टेप लावायचीच नव्हती. ‘सवडीनं शिव गं, कुठं पळून चाललीया मी,’ म्हणायच्या आणि उसवलेलं पोलकं हातानं टाके मारून घालायच्या. ते बघून मला बरं वाटायचं. आता लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटायचं.

मग थोरल्या दिरांना, आक्कांच्या यजमानांना, पुन्हा क्वार्टर मिळाली. जायच्या दिवशी सकाळी ट्रंक भरून झाल्यावर आक्का माझ्याजवळ आल्या. ‘एकडाव मला बसू दे की गं.’ त्या बसल्या, पाय मारायला गेल्या, तर दोन्ही गुडघे टेबलाखाली खाडकन आपटले. तेलाची चिमणी उडून खाली पडली. मला हसू फुटलं. म्हटलं, ‘आवं आक्का, वस्तू निवडायला इतक्या हुशार तुम्ही, स्वतःचे गुडघे नाही बघितले?’

‘बघितलं की,’ गुडघा चोळत त्या म्हणाल्या. ‘म्हून तर घेतलं.’

‘म्हणजे?’

‘मला बसता आलं असतं, तर आत्याबाईंनी तुला बसू दिलं असतं व्हय? तू शिकून आल्याली. आन् वर्गातल्या मशीनला पाय पुरत न्हाईत, कंबर धरती, म्हनलीवतीस की एकदा भाकरी करताना.’ मग हळूच म्हणाल्या, ‘हौस मलाबी लय हुती गं.’

मी ड्रॉवर उघडला, खण काढले, टेप घेतली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्याला हात लावला, तोही पाटावर उभी राहून. कागद सापडेना, म्हणून मापं ड्रॉवरच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिली. दुपारच्या एस्टीपर्यंत एक पोलकं झालं. तेच घालून त्या गेल्या. ‘दुसरं राहू दे,’ म्हणाल्या, ‘सुट्टीवर आले की नेते.’

ती सुट्टी आली नाही. तिकडंच तापाचं निमित्त झालं आणि पत्रच आलं. मामंजी पुढं कधी इंजिनाची गोष्ट सांगायला लागले, की अर्ध्यात थांबायचे. मग उरलेली मी सांगायची.

मशीन अजून माझ्याकडंच आहे. दुसरं पोलकंही मी ड्रॉवरमधल्या मापानं शिवून ठेवलंय. लेकीसुनांनी घालून बघितलं. घरात ते कुणालाच होत नाही.