सीटवरचं वजन

परवा वडपे गावातल्या एका गोदामात कुणीतरी रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला. तो झणझणीत वास नाकात शिरला आणि मी थेट दादाच्या लग्नाच्या सकाळी जाऊन पोचलो.

काकांची जुनी फियाट झेंडूने मढून शेलार गावातल्या आमच्या अंगणात उभी होती. नवरदेवाशेजारी बसायला सगळेच टपले होते. माझ्यासाठी मात्र वऱ्हाडाचा टेम्पो ठरला होता. "ह्यो बसला तं गारी चढावर न्हाय चढायची," असा काकांचा निकाल. माझा देह पाहता त्यात अन्याय काही नव्हता.

तेवढ्यात हारांची टोपली ठेवताना तिची तार लागून मागची सीट टरकन फाटली! काकांनी फाटक्या रेक्झिनखाली कापडाचा तुकडा सरकवला, सोल्युशन फासलं आणि म्हणाले, "आता वर वजन पायजे. सुकंपर्यंत हलायचं न्हाय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी बसलो. बँड सुरू झाला, निघायची वेळ झाली, पण जोड अजून ओलाच. "उठू काय, काका?" मी साळसूदपणे विचारलं.

"खबरदार! बस तसाच!"

गाडी सुटली. दादा हसता हसता मुंडावळ्या सावरत होता आणि मी मंत्र्यासारखा टेम्पोकडे हात हलवत होतो.

परतीला त्या जागी वहिनी बसली. जोड जरासुद्धा उचकटला नाही. मी टेम्पोत उभा. तेव्हा वाटलं, फुकटची सफर मिळाली. आता वाटतं, आमच्या घरात वहिनीसाठी काही करणारा पहिला माणूस मीच होतो.