बुडातून तोडलेली कमळं

हिराकाकूंची आणि माझी ओळख एका चपराकीनं झाली.

माझ्या कॉलेजसाठी आम्ही आष्टीकडचं गाव सोडून नेकनूरला राहायला आलो होतो. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून वडील शेळ्या-मेंढरांसकट इकडे आले. दुसऱ्याच सकाळी आमची एक शेळी शेजारच्या अंगणात शिरली. मी तिच्यामागे धावले आणि थबकले. अंगणात तळं होतं, तळ्यात कमळं होती, आणि त्यातलं एक पान शेळीच्या तोंडात होतं. "किती छान!" असं काहीतरी मी बोलून गेले असेन. कानाखाली जाळ निघाला.

"छान हाय व्हय? मग शेळीला कावून चारायलीस?"

समोर साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात ऊस तोडायचा कोयता. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी शेळी सोडली, मला घोटभर चहा दिला आणि म्हणाल्या, "मारलं ते इसरू नको. इसरलीस तर पुन्ना मारावं लागंल."

ते तळं म्हणजे घर बांधताना माती काढून झालेला खड्डा होता, एका खोलीएवढा. काकूंचं माहेर लिंबागणेशजवळच्या वाडीतलं. तिथून त्यांनी कमळाचे कंद ओल्या फडक्यात बांधून आणले होते. नवऱ्याला हा डासांचा खड्डा वाटायचा. एकदा तो दारू पिऊन आला आणि त्यानं कंद उपसून फेकायला सुरुवात केली. काकू अडवायला गेल्या तर हात उगारला. काकूंनी त्याची कॉलर धरून त्यालाच पाण्यात ढकललं. "नाकात पानी गेलं तवा उतरली. परत न्हाई उगारला हात," हे सांगताना त्या खदखदून हसायच्या. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा तो नवरा वारलेला होता, आणि त्याच्या फोटोला रोज तळ्यातलं एक फूल असायचं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या कशा, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

कमळांवर त्या माया करायच्या तीही मारामारीसारखीच. पानांखाली चिकटलेल्या गोगलगायी ओरबाडून काढायच्या आणि टाचेखाली चिरडायच्या. कुठून तरी आलेली जलपर्णी दिसली की शिव्या देत मुळासकट उपटून चुलीपाशी वाळत टाकायच्या आणि जाळायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला चिखलात उतरून कंद कोयत्यानं तोडायच्या आणि अर्धे उकिरड्यावर भिरकावायच्या. मी म्हणाले, "काकू, जिवंत आहेत ते." त्या म्हणाल्या, "कीव केली की तळं मेलं, पोरी. एकमेकाचे गळे दाबीत्यात ते. त्याआधी आपन कापावं."

काकूंच्या घरामागं त्यांच्या दिराचा, बाबुरावांचा प्लॉट होता. तिथं त्यांनी बंगला काढला होता आणि त्यांना गाडी थेट दारात न्यायची होती. मध्ये तळं. बाबुराव पुढाऱ्यांच्या मागे फिरणारे, त्यांना नकार ऐकायची सवय नव्हती.

"वैनी, डबक्यापायी माझा रस्ता अडवू नका."

"कडंनं हाय की रस्ता, भावजी."

"तिथून गाडी वळत न्हाई."

"मग बैल घ्या. ते वळत्यात."

गल्ली हसली. बाबुराव हसले नाहीत.

मे महिन्यात, भर दुपारी ते दोन माणसं घेऊन आले. ती दोघं दरसाल ऊसतोडीला जाणारी. मी आवाज ऐकून पळत गेले तोवर दोघं तळ्यात उतरून सपासप कोयते चालवत होती. पानं, कळ्या, उमललेली फुलं, सगळं एकावर एक पडत होतं. काकूंनी लोखंडी बादली उचलली आणि एकाच्या डोक्यात घातली. तो रक्तबंबाळ होऊन काठावर बसला. त्या दुसऱ्याकडे वळल्या तेवढ्यात बाबुरावांनी कुदळीचा दांडा फिरवला. काकूंचा डावा हात मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा.

"आता बघू, वैनी, काय राखताव ते," असं म्हणून बाबुराव निघून गेले.

मला वाटलं काकू किंचाळतील. त्या मोडका हात पोटाशी धरून पाण्यात वाकल्या आणि उजव्या हातानं तळाशी चाचपू लागल्या. मग बाबुरावांसाठी एक अशी शिवी हासडली की ती मला लिहिता येत नाही. "उसावानी तोडलंय, बुडातून!"

ऊस जमिनीलगत तोडतात, वर खुंट ठेवत नाहीत. त्या माणसांचा हात त्याच सवयीनं तळाशी गेला होता. कमळाची दांडी मात्र आतून पोकळ. ती पाण्याखाली तुटली की पाणी नळीतून कंदात शिरतं आणि कंद कुजतो. काकू स्वतः तरुणपणी उसाच्या फडात राबलेल्या, त्यांना हे लगेच कळलं.

"पानी काढ," त्या मला म्हणाल्या. "समदं. चिखलापात्तूर."

मी म्हणाले, "आधी दवाखान्यात चला." त्यांनी मला उजव्या हातानं दुसरी चपराक दिली. मी बादली घेतली.

गावाला तेव्हा टँकरचं पाणी होतं. आपल्या बोअरच्या पाण्यानं राखलेलं तळं ही बाई ओतून देते आहे, हे पाहून गल्ली खवळली. "मार डोक्याला लागला हिच्या!" "हितं प्यायला थेंब न्हाई अन् ही मातीत घालायली!" एका म्हातारीनं माझ्या हातातली बादली हिसकली. काकू तिच्या अंगावर धावून गेल्या. मग त्यांनी माझ्या वडिलांना हाक मारली, "ओ मेंढरंवाले, आना तुमचा कळप! बघत काय बसलाव?"

वडिलांनी कळप आणला. तहानलेली मेंढरं तळ्यात तोंडं घालून प्यायली, शेळ्यांनी तुटलेली कमळं खाल्ली. ज्यातल्या एका पानाला शेळीनं तोंड लावलं म्हणून मी मार खाल्ला होता, ती सगळी पानं त्यांच्या दाढांखाली करकरत होती. हे पाहून काकू पहिल्यांदा रडल्या. मग म्हातारीही घागर घेऊन आली, आपल्या म्हशीसाठी. संध्याकाळपर्यंत चिखल उघडा पडला. त्यानंतरच त्या बीडला दवाखान्यात जायला रिक्षात बसल्या.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या, पुढं काही हललं नाही. रिकामं तळं पाहून बाबुरावांना वाटलं, वैनी हरली. चिखल वाळला की भराव टाकू, असं ते सांगत फिरले. काकू मात्र चिखल वाळू देत नव्हत्या. रोज फक्त ओल राहील एवढंच पाणी शिंपायच्या आणि प्लास्टरचा हात घेऊन चिखलात उतरून कुजलेले कंद शोधायच्या. प्लास्टर भिजलं, भुगा झालं. हाड वाकडं बसलं. डॉक्टर ओरडले, तर म्हणाल्या, "हात माझा हाय."

बाबुरावांनी जेसीबी आणला तेव्हा चिखलातून नळीसारखी गुंडाळलेली चार-दोन पानं वर आली होती. काकू कोयता घेऊन त्या पानांमध्ये उभ्या राहिल्या.

"या की, भावजी. पन आता तुमी सोता उतरा. भाड्याची मानसं नकोत."

कोयत्याचं पातं उन्हात लकलकत होतं. बाबुराव काठापर्यंत आले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "साहेब, बाईच्या अंगावर मी न्हाई घालनार." बघायला अख्खी गल्ली जमली होती. बाबुराव उतरले नाहीत. नंतर त्यांनी कडेच्या रस्त्यावर मुरूम टाकून घेतला.

पावसानं तळं पुन्हा भरलं, पण त्या वर्षी महालक्ष्म्यांना थोडीच फुलं आली. दरवर्षी काकू गल्लीतल्या प्रत्येक महालक्ष्मीला एक कमळ द्यायच्या. मी भीत भीत विचारलं, "बाबुरावांच्या घरी?"

"दे. देवीनं माझा हात मोडला न्हाई." मग त्यांनी एक मोठं फूल निवडलं आणि पाण्याच्या वर वीतभर खुंट राखून दांडी तिरपी कापली. "आन् त्याच्या हातात दे. बाईच्या न्हाई."

बाबुराव ओसरीवर बसले होते. त्यांनी फूल घेतलं, दांडीच्या तिरप्या कापावरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "हात कसा हाय वैनीचा?"

"वाकडा हाय," मी म्हणाले. "पण कोयता धरता येतो."