सोळाशे मीटरचं गणित

"तुमी अर्ज देणार न्हाई."

"देणार. उद्याच देणार. गणितात वीसपैकी चार पडल्यात. कच्च्या पोरांच्या 'ड' तुकडीत जाऊ दे, सुखानं ऱ्हाईल पोरगी."

"आवं, पाचवीला जाऊन दोन महिनं झाल्यात तिला."

"डोकं हाय तेवढंच ऱ्हातं, रेश्मा. तुझी नाय का नववीत गणितानंच शाळा सुटली? तुझंच वळण हाय ते."

नवऱ्याचं हेच बोलणं रेश्मानं आधी माहेरीही ऐकलं होतं, आणि तेव्हा खरंही मानलं होतं. आता दाराआड उभी राहून राजनंदिनी तेच ऐकत होती. वस्तीवरच्या शाळेत चौथीपर्यंत पहिली आलेली पोर, कडेगावच्या मोठ्या शाळेत पहिली चाचणी झाली आणि म्हणायला लागली, "आई, मी ढच हाय. इथं आल्यावर कळलं."

रेश्मानं पदर खोचला. "फौजेच्या भरतीची पोरं सरावाला येत्यात न्हवं तुमच्याकडं? सोळाशे मीटरला आठ मिनिटं घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी हाकलता का?"

"का हाकलीन? सरावानं येतंय की."

"मग सराव पायालाच लागू हाय व्हय?"

तिच्या नवऱ्यानं, रिटायर हवालदार आकारामनं, मिशी चोळली. "सहामाहीपतुर थांबतो," तो म्हणाला. "त्याच्यापुढं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता रेश्मा लेकीला घेऊन मैदानावर हजर. पोरं चार फेरे मारायची, आकाराम घड्याळ बघून वेळ सांगायचा, आणि एका फेऱ्याला किती सेकंद लागले ते राजनंदिनीनं काढायचं.

त्या पोरांतल्या शंभूराजची वेळ निघाली पाच मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. पोरीनं उत्तर काढलं, एकशे सदतीस.

"एका फेऱ्याला एकशे सदतीस?" शंभूराज धापा टाकत म्हणाला. "ताई, मी पळत हुतो का रांगत?"

सगळं मैदान हसलं. राजनंदिनीनं पेन्सिल भिरकावली. रेश्मानं ती उचलून आणली.

"कसं केलंस ते मला सांग. मला खरंच येत न्हाई."

पोर फुरंगटून सांगायला लागली आणि मध्येच थांबली. "आई, मिनिटात साठ असत्यात. मी शंभर धरलं." पुन्हा मांडलं. सत्याऐंशी.

त्या दिवसापासून खोडरबर घरी राहिला. चुकलेलं खोडायचं नाही, त्याला गोल करायचा आणि आईला समजावून सांगायचं. आई शंका काढायची, तीही अशी की पोरीला दोनदा विचार करावा लागायचा. पावसाळा सरता सरता गोल कमी झाले. धावून आलेली पोरं आधी वहीपाशी जायला लागली. "नंदे, माझा शेवटचा फेरा बघ की, लय ढिला पडला का?"

सहामाहीत तिला चाळीसपैकी पस्तीस पडले.

आकारामनं कंदी पेढे आणले, अर्ध्या कडेगावाला वाटले. गुरुजी म्हणाले, "हुशार निघाली की." तेव्हा राजनंदिनीनंच सांगितलं, "न्हाई सर, लय चुका करून करून आलंय ते."

घरी आल्यावर रेश्मानं ट्रंकेतून नववीचा दाखला काढला.

"हे कशाला आता?" आकारामनं विचारलं.

"बाहेरनं दहावीला बसायचं म्हणतीया. फॉर्म भरायला चाललेय."

"तू? दहावीला गणित असतंय, ठाव हाय न्हवं? जमंल का तुला?"

रेश्मानं दाखला पिशवीत ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि शाळेच्या रस्त्याला लागली.