कौसाबाई काय म्हणाल्या

पंच्याहत्तरी ओलांडली तरी हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, वडिलांना तर नाहीच. प्रार्थनेतसुद्धा आडून आडून बोलले — नाव घेतलं नाही. तुम्हाला मात्र नाव घेऊनच सांगते. पण आधी आमच्या शिबिराबद्दल ऐका. टाळत नाही हो — त्याशिवाय कळायचंच नाही.

सत्तरच्या दशकात पेडगावच्या आमराईत दर मे महिन्यात आमचं ख्रिस्ती शिबिर भरायचं. माझे वडील चर्चचे पाळक, त्यांनीच ते सुरू केलेलं. आठ दिवस मुलं आणि त्यांच्या आया तिथेच मुक्कामाला. मानवतहून, ताडकळसहून लोक एसटीनं यायचे — वळकटी, आपापलं ताट आणि शेर-दोन शेर ज्वारी घेऊन. सकाळी गाणी, दुपारी सावलीत अभ्यास. कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे न विचारता सगळ्यांची एकच पंगत. दुष्काळातसुद्धा एक उन्हाळा चुकला नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तसा मला स्वतःचाही होता. चोवीस वर्षांची मी, परभणीत शिक्षिका, आणि आमच्या माणसांत फाडफाड इंग्रजी बोलणारी एकटीच. बाहेरचा पाहुणा बोलायला उभा राहिला की त्याच्या खांद्याशी मी, दुभाषी म्हणून. त्यानं विनोद केला की मागोमाग अख्खी आमराई हसायची, इतकी माझी जीभ चपळ. ही बढाई नाही. — बरं, असेलही.

दुष्काळ सरून दोन उन्हाळे झाले होते. त्या वर्षी परदेशातून एक पाहुण्या बाई आल्या, गळ्यात कॅमेरा अडकवून. शेवटच्या सकाळी साक्ष द्यायची आमची रीत होती. शिबिरात काय मिळालं ते ज्याला वाटेल त्यानं उठून सांगायचं. त्या सकाळी कौसाबाई उठल्या. ताडकळसच्या, बौद्ध घरातल्या, मजुरी करणाऱ्या. आठही दिवस सगळ्यांच्या भाकरी त्यांनीच थापल्या होत्या. आठ वर्षांची लेक सुजाता त्यांच्या हाताशी. मान ताठ करून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“आमी बौद्ध हाव. माझ्या सासऱ्यानं समजून उमजून धर्म घेतला, तो आमी सोडणार न्हाई. हितं लेकरं शिकायलेत, एका पंगतीत जेवायलेत, म्हणून लय खुशीनं आले, अन् पुढंबी येणार. बाई, हे त्यांना नीट सांगा.”

केवढं सरळ बोलणं! वडिलांनी मान डोलावली — हो, त्यांना ते आवडलं होतं. पण पाहुण्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डोळ्यांत आधीच पाणी आणून. आणि मी — मी काय म्हणाले? मी इंग्रजीत म्हणाले की या बाई सांगतात, इथे मला प्रकाश दिसला, आणि माझी लेकरं आता येशूची झाली.

कुणी पढवलं होतं का मला? कुणीही नाही. पाहुणीला हवं ते तिच्या पदरात टाकताना मला मोठं वाटलं, एवढंच. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. पाहुण्या बाईंनी कौसाबाईंना मिठी मारली, फोटो काढला. बसता बसता कौसाबाईंनी मला विचारलं, “नीट सांगितलं ना, बाई?”

“शब्द न् शब्द,” मी म्हणाले.

पुढच्या शिबिराला परदेशातून छापील पत्रकं आली. अर्ध्या पानावर कौसाबाई, ताठ मानेनं बोलताना. खाली इंग्रजीत माझं वाक्य — त्यांच्या नावानं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मी ओळीवरून बोट फिरवत त्यांचंच बोलणं त्यांना म्हणून दाखवलं! कशा फुलल्या त्या. “म्हंजे माजं म्हणणं समुद्रापल्याड पोचलं म्हणा की.” पत्रक त्यांनी चौकटीत बसवलं आणि घरी भिंतीवर लावलं, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. आल्या-गेल्याला दाखवायच्या.

इकडे शिबिरातल्या दुपारी मी मुलांना इंग्रजी शिकवत होते. सुजाता सगळ्यांत हुशार. पुढे एकदा आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेले, तर पोरगी पेटीवर चढून, चौकटीवर बोट ठेवून अक्षरं जुळवत होती. पहिला शब्द तिला लागलासुद्धा होता. मी हसत म्हटलं, “कौसाबाई, चौकटीला वाळवी लागेल. परभणीहून नवी बसवून आणते.” त्यांनी ती स्वतः उतरवली, पदरानं पुसली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिली. मी ती परत केली नाही. दुकानदारानं हरवली म्हणाले. त्या बिचाऱ्यालाही मध्ये ओढला.

“जाऊ द्या, बाई,” कौसाबाई म्हणाल्या. “बोलणं तर पोचलं न्हवं?”

सुजाता पुढे इंग्रजीची शिक्षिका झाली, मग मुख्याध्यापिका. ती माझी विद्यार्थिनी, हे मी सांगत सुटते — अजूनही, भाजीवालीला सुद्धा. माझ्या हातून घडलेल्या गोष्टींत तिच्याइतका अभिमान मला कशाचाच नाही. आणि तिच्याइतकी भीती मला कुणाचीच वाटत नाही.

कौसाबाई गेल्या. महिन्याभरानं सुजाता माझ्याकडे आली. आई मरेपर्यंत सांगायची म्हणे — आपलं म्हणणं बाईंनी सातासमुद्रापलीकडे पोचवलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, “बाई, आईचा तरुणपणीचा एकही फोटो नाही आमच्याकडे. तुमच्याकडे शिबिरातला एखादा असेल का?”

मी नाही म्हणाले. आम्ही दोघी पलंगावर बसून चहा पीत होतो. चौकट त्याच पलंगाखाली, माझ्या ट्रंकेत होती — कौसाबाईंनी बांधून दिली होती तशीच, लुगड्याच्या तुकड्यात.