शेवटचं पान आधी

पुस्तक हातात आलं की काकू आधी शेवटचं पान उघडायच्या. तिथेच उभ्या उभ्या, ओठ हलवत वाचायच्या आणि म्हणायच्या, "सापडला वं बाई! हेच दे."

"अहो, खुनी कळला, आता काय वाचाल?" मी विचारायची.

"आता निवांत वाचीन. सापडते म्हणून माहीत असलं की जीव लागते."

नागपुरात, महाल भागात आमचं छोटं वाचनालय होतं. मी तिथे पुस्तकं द्यायला बसायची. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं त्या कपाटांनी शिकवलं. काकू भिवापूरकडच्या, घरी मिरची कांडून विकायच्या. त्यांनी परत केलेली रहस्यकथा पुढच्यानं उघडली की तो आधी शिंकायचा. वाचक तुम्हीही खूप पाहिले असतील, पण शिंकेवरून ओळखू येणारी अशी मी एकच पाहिली.

त्यांचे यजमान काटोलच्या बाजाराला म्हणून गेले, ते परतलेच नव्हते. काकू त्यावर बोलायच्या नाहीत. कुंकू मात्र ठसठशीत.

आमचे कार्यवाह प्राध्यापक होते. माणूस भला, पण रहस्यकथांचं कपाट दिसलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "काकू, एकदा खरं साहित्य वाचा," म्हणून त्यांनी एक गाजलेली कादंबरी दिली. शेवट आधी बघायचा नाही, ही अट. काकूंनी पाळली.

आठवड्यानं त्या तणतणत आल्या. "सर, याचं शेवटचं पान कोणी फाडलं जी?"

त्यांचंही बरोबर होतं. आमचे खोडसाळ वाचक रहस्यकथांची शेवटची पानं फाडून न्यायचेच.

"फाडलं नाही. कादंबरी तिथेच संपते."

"अन् त्या बाईचा गेलेला नवरा? येते का नाई?"

"ते वाचकानं ठरवायचं, काकू."

"मीच ठरवू? ते तर घरी रोजच करून राहिली न जी मी. त्याच्यासाठी इथं काहून येऊ?"

मला वाटलं, आता काकू पुस्तक आपटतात. पण त्यांनी ते पुन्हा पिशवीत टाकलं. "अजून आठ दिवस राहू दे वं."

यजमान गेले त्याला ते बारावं वर्ष होतं. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याचा दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकायचं, अशी रीत. दिरांचा तगादा सुरू होता, 'वहिनी, आता कुंकू पुसा.' हे काकूंनीच मला सांगितलं, त्या कादंबरीवर हात ठेवून.

"मी हो म्हटलं, तर त्याले मीच मारलं असं होईन का वं?"

साहित्य उच्च कोणतं, हलकं कोणतं, यावर सर तासभर बोलत. मला एवढंच दिसलं, की उत्तरं देणारी पुस्तकं काकूंनी इतकी वर्षं वाचली, पण हे विचारायचं धैर्य त्यांना या उत्तर न देणाऱ्या पुस्तकाजवळ आलं.

क्रियाकर्माला म्हणून दीर त्यांना भिवापूरला घेऊन गेले. वाचनालयात त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे एकदा नागपुरातच, सदर भागात दिसल्या, रस्त्यापलीकडे, पाठमोऱ्या, भरभर चाललेल्या. हाक मारली असती तर वळल्या असत्या, कपाळ दिसलं असतं.

हाक अगदी ओठावर आली होती. मी मारली नाही.