दोनशे चाळीसचे टायर आणि उरणचा रस्ता

टायर बदलायचे ठरले त्या आठवड्यात मी एका जागी बसलो असेन तर शपथ! जेवताना उठून पार्किंगमध्ये जायचो, झिजलेल्या टायरच्या खाचा चाचपायचो आणि वर येऊन गार भात खायचो. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. उरणला तिची आई एकटी राहते. तीन महिने मायलेकी भेटल्या नव्हत्या. एकदा निघालो, पण कंटेनरवाल्यांनी उखडलेल्या त्या रस्त्यावर ती इतकी कळवळली, की वाटेतल्या जासईहूनच परत फिरलो. आता डॉक्टर म्हणाले, "जा, पण धक्के नकोत."

मग मी काय करावं? दुकानात जाऊन थेट 'व्ही' रेटिंगचे, ताशी दोनशे चाळीस सोसणारे टायर मागितले! सोसायटीतल्या शेजाऱ्याचे 'एच' होते, दोनशे दहाचे. आपले त्याच्या वरचे नकोत?

दुकानदार साताऱ्याकडचा. "दोनशे चाळीसनं जानार कुठं सायेब? उरण मागं टाकून समुद्रात पडाल."

"वरचं रेटिंग म्हणजे माल भारी ना?"

"भारी हाय, पन हा कडक बी हाय. मागं कोन बसतं?"

"बसत नाही, आडवी असते. मिसेस. मणक्याचं ऑपरेशन झालंय."

त्याने 'व्ही'चा टायर बाजूला ढकलला. गाडीच्या दारावरचं स्टिकर वाचलं. "कंपनीनं एच सांगितलाय. त्याच्या खाली जायचं नाय. एचमधलाच मऊ देतो."

"हवा जरा कमी भरा. अजून मऊ होईल."

"आनि तापून फुटला मंजे?"

हवाही स्टिकरवर लिहिली होती तेवढीच भरली.

शनिवारी निघालो. आरशात रस्ता कमी, तिचा चेहरा जास्त.

"दुखलं?"

"नाही."

गतिरोधक आला. "आता?"

"नाही हो!"

जासईला मी गाडी इतकी हळू केली, की मागचा ट्रेलर हॉर्न वाजवून वाजवून थकला.

ती कोपरावर टेकून किंचित उठली. "अहो, सायकलवाला पुढे गेला. आईनं निवट्या माशांचं कालवण केलंय. दाबा की जरा!"

मी दाबलं. काटा साठावर गेला. मागे ती फोनवर ओरडत होती, "आये, भाकरी टाक गं, पोचलेच!"